डोरिसचे मित्र

प्राध्यापक एव्हरेट हाल्व्हरसन यांनी वयाच्या सत्तराव्या वर्षी एक रस्ता दत्तक घेतला. त्या वयात एकट्या माणसाला काहीतरी दत्तक घ्यावेसे वाटणे समजण्यासारखे आहे. परंतु लोक साधारणतः मांजर घेतात. प्राध्यापकांच्या घटस्फोटाला इतका काळ लोटला होता की शेजाऱ्यांनी त्याबद्दलची सहानुभूतीदेखील परत घेतली होती. ज्या कॉलेजात त्यांनी उभे आयुष्य रोमन कायदा शिकवला, त्या कॉलेजाने त्यांच्या निवृत्तीबरोबर तो विषयही निवृत्त केला आणि त्यांची खोली क्रीडाव्यवस्थापन विभागाला दिली. त्या खोलीत आता स्टेडियममधल्या खुर्च्या कशा खपवाव्यात याचे शास्त्र शिकवले जाते. प्राध्यापकांनी तक्रार केली नाही. दोन हजार वर्षे टिकलेल्या गोष्टीला अखेर खुर्च्यांनी हरवले, एवढेच निरोपाच्या भाषणात नमूद करून त्यांनी केक कापला. केकवर त्यांच्या आडनावातला एक 'एल' गळला होता. त्याचीही त्यांनी तक्रार केली नाही. फक्त तो त्यांना अजून आठवतो.

रस्ता दत्तक घेण्याची चाल ओहायोतल्या टॉलिव्हर काउंटीत जुनी आहे. किमान चार माणसांच्या गटाने रस्त्याचा एक तुकडा पत्करायचा, त्याच्या कडेचा कचरा वेळोवेळी उचलायचा, आणि मोबदल्यात काउंटीने त्या गटाच्या नावाची निळी पाटी तिथे रोवायची. रोमन सेनापतीला आपले नाव दगडावर कोरून घेण्यासाठी एखादा प्रांत जिंकावा लागे; लोकशाहीत बिअरचे रिकामे डबे वेचले तरी भागते. ही प्रगती आहे, असे प्राध्यापकांचे प्रामाणिक मत होते.

सुरुवात एका फोनने झाली. फेब्रुवारी सरता सरता रोली टीगच्या मुलीने, ॲनलीने, फोन केला. रोली हा प्राध्यापकांचा कॉलेजातला मित्र. जन्मभर शाळेत बँड शिकवून निवृत्त झालेला, आणि गाडीने पाऊण तासाच्या अंतरावर राहणारा.

"एव्ह अंकल, डॅडींच्या डोळ्यांचं कळलं का तुम्हाला?"

"नाही. काय झालं?"

"मधलं दिसतच नाही त्यांना आता. कडेकडेचं दिसतं. समोर बघितलं की नुसता धुरकट गोळा. लायसन्सही काढून घेतलं. ईस्टर झालं की मी त्यांना ॲरिझोनाला नेतेय, माझ्याकडे. घर विकलं." मग ती मुद्द्यावर आली. "तुम्ही मंडळी दर वर्षी म्हणता ना, पुढच्या वसंतात नक्की भेटू म्हणून? म्हटलं, सांगून ठेवावं. पुढच्या वसंतात ते इथे नाहीत."

'पुढच्या वसंतात नक्की' हे वाक्य प्राध्यापक, रोली, टोलेडोत गालिच्यांचे दुकान चालवलेला गस पाप्पास आणि फोर्ट वेनची निवृत्त परिचारिका मार्लीन कोवाल्चिक ही चार माणसे पदवी घेतल्यापासून एकमेकांना म्हणत आली होती. नाताळच्या कार्डावर म्हणत, कुणाच्या लग्नात म्हणत, पुढे पुढे कुणाच्या अंत्यविधीत म्हणत. हे वाक्य खोटे नव्हते. ते खोटे असते तर एव्हाना कुणीतरी पकडले असते.

आता साधा उपाय असा होता की प्राध्यापकांनी उठावे, गाडीत बसावे आणि रोलीच्या दारात जाऊन म्हणावे, "रोली, तुला बघावंसं वाटलं." परंतु ओहायोच्या पुरुषाला दुसऱ्या पुरुषाला नुसते भेटता येत नाही. मध्ये काहीतरी असावे लागते: बिघडलेले गटार, मासे असलेले तळे, निदान दूरदर्शनवर एखादी मॅच. 'तुला बघावंसं वाटलं' असे एखादा दारात उभा राहून म्हणाला, तर समोरचा त्याला पहिल्यांदा बसवतो आणि मग विचारतो, "डॉक्टर काय म्हणाले?" तेव्हा निमित्त हवे होते. आणि निमित्त निवडताना विद्वान माणूस जी चूक करतो तीच प्राध्यापकांनी केली: त्यांनी अर्थपूर्ण निमित्त निवडले.

इथे डोरिसविषयी सांगणे भाग आहे.

डोरिस ही रोलीच्या वडिलांची मोटार होती. लांबलचक, उकडलेल्या वाटाण्याच्या रंगाची, दोन्ही अंगांना लाकडाचा आभास निर्माण करणारा कागद चिकटवलेली. मार्चमध्ये कॉलेजला वसंताची सुटी लागली, की ओहायोतला चिखलाच्या रंगाचा बर्फ मागे टाकून ही चौघे डोरिसमधून फ्लोरिडाच्या समुद्राकडे निघत. हल्ली या सुटीचे हॉटेल, विमान आणि हातात बांधायच्या पट्टीसकट गठ्ठे विकले जातात, आणि आनंद न झाल्यास कुठे तक्रार करावी तेही त्यात लिहिलेले असते. तेव्हा तसे नव्हते. तेव्हा मार्लीनच्या आईने भरून दिलेले पिरोगींचे, म्हणजे बटाट्याच्या पोलिश करंज्यांचे, एक पातेले, गसच्या वडिलांच्या हॉटेलातून उचललेली सॉसची बाटली आणि रोलीच्या वडिलांच्या दोन अटी, एवढ्यावर माणसे निघत. पहिली अट: राज्याच्या सीमेवरच्या नदीपर्यंत जुन्या काउंटी रस्त्यानेच जायचे. दुसरी अट: रोलीखेरीज कुणी स्टीअरिंगला हात लावायचा नाही.

उरलेल्या तिघांत खरे भांडण असे ते चालकाशेजारच्या सीटचे. मागे पाय दुमडून बसावे लागे आणि पातेले मांडीवर येई. पुढे खिडकी होती, रेडिओ होता, जग होते. हा तंटा त्या देशात आरोळीने सोडवतात. जुन्या घोडागाड्यांवर चालकाशेजारी बंदूकवाला बसे, म्हणून जो पहिल्यांदा "शॉटगन!" असे ओरडेल त्याची ती जागा. एरवी ही पोरांची रीत. पण एव्हरेटने त्या वयातच तिला कायद्याचे रूप दिले. आरोळी मारताना गाडी दृष्टीस पडलेली असली पाहिजे. आरोळी छपराखालून मारलेली चालणार नाही. पुनर्विचार नाही. ही कलमे त्याने इतक्या गांभीर्याने रचली आणि इतक्या निष्ठुरपणे चालवली, की पुढे त्याने रोमन कायद्यावर जे दोन ग्रंथ लिहिले त्यांत त्या कलमांइतकी स्वच्छ वाक्ये नाहीत. ग्रंथ कुणी वाचले नाहीत, म्हणून हे कुणाच्या लक्षात आले नाही.

तिसऱ्या वर्षी जॉर्जियातल्या एका पेट्रोल पंपावर रोली गाडीकडे येताना एकाएकी ओरडला होता, "शॉटगन!" मंडळी थबकली. एव्हरेटने तिथल्या तिथे निवाडा दिला: चालक हा पुढच्या जागेचा दावेदार होऊ शकत नाही, कारण चालक पुढेच असतो. युक्तिवाद अभेद्य होता. सगळे पोट धरून हसले. रोलीही हसला, आणि त्याने गाडी चालू केली.

त्याच वर्षी जाताना एका वळणावर डोरिसच्या नाकातून वाफ निघाली आणि ती बसली. एक अख्खी दुपार चौघे रस्त्याच्या कडेला होते. झाडांखाली शिळा बर्फ, उघड्यावर कोवळे ऊन. गार पिरोगी बोटांनी खाल्ल्या. गसने सॉसच्या बाटलीत फुंकून बोटीचा भोंगा वाजवला. मार्लीन हसता हसता चरात पडली आणि पडल्यापडल्या हसत राहिली. मग कुणा शेतकऱ्याने ट्रॅक्टर आणून डोरिसला ओढून नेले. झाले ते एवढेच. पण पुढल्या पन्नास वर्षांत, म्हणजे नेमणूक कायम झाली तेव्हा, लग्न लागले तेव्हा आणि मोडले तेव्हाही, प्राध्यापकांच्या मनात त्या दुपारशी तुलना झाली आहे आणि दुपार जिंकली आहे. म्हणून ते वळण दत्तक घ्यायचे, पाटी लावायची, आणि रोली जाण्याआधी चौघांनी तिथे पुन्हा एकदा उभे राहायचे. ते वळण काउंटी रस्ता क्रमांक नऊवर, पाण्याच्या टाकीखाली आहे याविषयी प्राध्यापकांना शंका नव्हती. प्रवासभर झोपलेल्या माणसाला ती नसतेच.

काउंटीच्या रस्ते कचेरीत टॅमी पर्व्हिस नावाच्या बाई होत्या. त्यांच्या टेबलावर मिठाईची वाटी होती आणि ती पाहुण्यांचा हात पुरणार नाही अशा अंतरावर ठेवलेली होती.

"गटाचं नाव काय द्यायचं, सर?"

"माजी वसंतवीर."

"वीर म्हणजे कुठल्या लढाईतले?"

"कुठल्याच नाही. वसंताच्या सुटीतले."

टॅमीबाईंनी पेन खाली ठेवले. "मग ते माजी सैनिकांच्या संघाला दाखवावं लागेल. गेल्या वेळी नृत्यवर्गाच्या बायकांनी 'वीरांगना' लावलं, तर संघाचे अध्यक्ष दिवसभर इथे या खुर्चीत बसून होते. काही बोलले नाहीत. नुसते बसून होते."

नाव संघाकडे गेले. संघाची सभा महिन्यातून एकदा भरे आणि त्या महिन्यातली भरून गेली होती. प्राध्यापकांनी विनंती केली की प्रकरणाला घाई आहे, एक सदस्य ईस्टरनंतर राज्य सोडून जात आहे. टॅमीबाई म्हणाल्या, "तुरुंगात का?" नाही म्हटल्यावर त्यांचा रस गेला.

शेजारी चक ऑस्ट्रॅंडर हे निवृत्त विमा एजंट. ते कुंपणावर कोपर टेकून सल्ला देत, आणि त्यांच्या सल्ल्याचा शेवट नेहमी कुणाच्या तरी मृत्यूत होई.

"हाल्व्हरसन, एक सांगतो, राग मानू नका. सत्तरीची चार माणसं रस्त्याच्या कडेला वाकणार. एकाची कंबर गेली की तिघं धावतात उचलायला. मग त्या तिघांच्या कंबरा. माझ्याकडे असा क्लेम आला होता. चर्चचा पूर्ण गायकवृंद."

"सगळे गेले?"

"नाही. पण पुढे सगळे खालच्याच सुरात गायले." ते आत गेले आणि टोकाला चिमटा असलेली एक लांब काठी घेऊन आले. "ही न्या. वाकायचं नाही. माझ्या सासूची आहे. तिला आता लागत नाही."

त्या रात्रीपासून प्राध्यापकांना स्वतःच्या कंबरेचे अस्तित्व जाणवू लागले.

फोन केले तेव्हा गस आधी तीन मिनिटे खोकला आणि मग म्हणाला, "कचरा? प्रोफेसर, पन्नास वर्षांनी फोन करतोस आणि कचरा उचलायला बोलावतोस? माझ्या दुसऱ्या बायकोनंसुद्धा जरा प्रस्तावना केली होती."

"रोली जातोय रे."

गसचा खोकला थांबला. "म्हणजे... जातोय?"

"ॲरिझोनाला."

"तेच ते," गस म्हणाला. "येतो. पण वाकणार नाही."

मार्लीन म्हणाली, "वळण कुठलं म्हणालास? पाण्याच्या टाकीचं? तिथे टाकी होती का रे?"

"होती."

"मला एक चर्च आठवतंय."

"मार्लीन, माझा विषय इतिहास आहे."

"तुझा विषय झोप होता, एव्ह. पण येते. पिरोगी आणते. विकतच्या. आई आता नाही."

दरम्यान सैनिकसंघाने 'वीर' शब्दाला नकार कळवला. सोबत, कुठल्या लढाईत नव्हते तरी सुटीवर गेल्याबद्दल अभिनंदन, असेही कळवले. प्राध्यापकांनी दुसरे नाव दिले: 'डोरिसचे मित्र'. त्याला कुणाची हरकत निघाली नाही. टॅमीबाईंनी तर पेन ठेवून, मिठाईची वाटी प्रथमच पुढे सरकवली आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सॉरी हं, सर." प्राध्यापकांना वाटले, उशिराबद्दल म्हणाल्या.

मग सुरक्षेची फिल्म निघाली. डबा कसा उचलावा हे शिकवणारी ती फिल्म प्रत्येक सदस्याने कचेरीत येऊन पाहिलीच पाहिजे, असा नियम होता.

"आमच्या एका सदस्याला दिसत नाही."

"पाहिली पाहिजे, सर."

"त्याला समोरचं दिसत नाही. बाजूचं दिसतं."

टॅमीबाईंनी विचार केला. "मग बाजूला बसवा."

त्याप्रमाणे ॲनलीने एका सकाळी वडिलांना आणून, भिंतीकडे तोंड करून बसवून, फिल्म दाखवून नेले. प्राध्यापकांना ते नंतर कळले. त्यांना त्या सकाळी कंबरेसाठी डॉक्टरांकडे जायचे होते.

ईस्टरच्या आठवड्यात निळी पाटी लागली, आणि प्राध्यापक ती पाहायला गेले तेव्हा तिच्या पायाशी प्लास्टिकची फुले होती. दुसऱ्या खेपेस फुलांत एक पांढरा क्रूस उगवला होता. तिसऱ्या खेपेस पारदर्शक पिशवीत घातलेले कापडी अस्वल, तीन मेणबत्त्या आणि 'देवाला परी हवी होती' असे लिहिलेला फुगा. त्या भागात रस्त्यावर कुणी अपघातात गेले की लोक तिथे फुले आणि खेळणी ठेवतात. कोण गेले हे माहीत असण्याची गरज नसते. मोटारीच्या नावाने पाटी लावताना हा विचार रोमन कायद्याच्या अभ्यासकाने करावयास हवा होता, कारण रोमन लोकही आपली थडगी रस्त्याच्याच कडेला बांधत. त्याने स्वतः हा धडा शिकवला होता.

त्यांनी टॅमीबाईंना फोन केला. टॅमीबाई म्हणाल्या, नियमाप्रमाणे हद्दीत ठेवलेली कुठलीही वस्तू कचरा ठरते, आणि हद्दीतला कचरा उचलण्याचे काम दत्तक घेणाऱ्यांचे आहे. "मला माहितीये, अवघड जाईल," त्या म्हणाल्या. "वेळ घ्या."

ईस्टरच्या आदल्या शनिवारी चौघे जमले. सोमवारी रोली जाणार होता. नारिंगी जाकिटांत चौघेही कुणाची तरी वाट पाहत उभ्या असलेल्या सामानासारखे दिसत होते. गसने वाकायचे नाही हे ठरवले होते, त्यामुळे तो चक ऑस्ट्रॅंडरच्या सासूची काठी घेऊन फक्त दाखवत होता. मार्लीन भराभरा वेचत होती. रोली घडीच्या खुर्चीवर पिशवीचे तोंड उघडे धरून बसला होता. तो उंच, शांत माणूस कुणाशी बोलायचे असेल तर त्याच्यापासून मान वळवी, आणि ही सवय नवीन असल्यामुळे तो सतत रुसलेला वाटत होता.

"एव्ह आहे ना?" तो शेताकडे बघत प्राध्यापकांना म्हणाला. "बारीक झालास."

"तूही."

"मला तू अर्धाच दिसतोस, म्हणून असेल."

यावर प्राध्यापकांना पुष्कळ बोलायचे होते. त्यांनी एक डबा उचलून पिशवीत टाकला.

अस्वल उचलण्याची वेळ आली तेव्हा पलीकडच्या घरातून एक म्हातारी बाई हातात झाकलेले भांडे घेऊन आल्या. त्यांचे नाव हेस्टर बॉग्ज. भांड्यात ट्यूना घातलेल्या नूडल्स होत्या.

"तुम्हीच का तिचे मित्र? मी रोज बघते हो पाटी. किती वर्षांची होती?"

"तेरा," गस म्हणाला.

"अरे देवा! लेकरूच की!"

"गस," मार्लीन दातांतून म्हणाली.

"पण सोसलं फार तिनं," गस पुढे म्हणाला. त्याचा आवाज खरोखर भरून आला होता. गसचे हे नेहमीचे होते, तो सुरू करी चेष्टेने आणि मग त्यालाच वाईट वाटे. "शेवटी शेवटी नुसती गळत होती."

बाईंनी भांडे अस्वलाशेजारी ठेवले आणि डोळे पुसले. "जवळ कोण होतं हो शेवटी?"

"मी होतो," रोली प्रामाणिकपणे म्हणाला. "वडिलांनी भंगारवाल्याला दिली."

 मग हेस्टरबाईंनी भांडे उचलले, चौघांकडे एकेकदा पाहिले, आणि रस्ता ओलांडून आपल्या घरात गेल्या. दाराला आतून दोन कड्या लागल्याचे ऐकू आले.

मार्लीन चरात बसली आणि हसू लागली. गस हसला. प्राध्यापकही हसले, आणि क्षणभर त्यांना वाटले की हीच ती दुपार. सगळे जमून आले. विकतच्या पिरोगींचा डबा उघडला. ऊन होते. त्यांनी आपले भाषण काढले, म्हणजे मनातून काढले. "मित्रहो," ते म्हणाले, "याच वळणावर..."

"हे ते वळण नव्हे," रोली म्हणाला.

"काय?"

"ते इथे नव्हतंच. ओहायोतच नव्हतं. पूल ओलांडून पलीकडे गेलो, केंटकीत, चढ लागला, तिथे वाफ आली. मार्लीनचं चर्च तिथे आहे, चढाच्या तोंडाशी."

"बघ!" मार्लीन म्हणाली.

दुसऱ्या राज्यातल्या घटनेची पाटी आपण या राज्यात रोवली, हे प्राध्यापकांना समजायला वेळ लागला नाही. त्यांना ते चेहऱ्यावर येऊ न द्यायला वेळ लागला. "तुला इतकं खात्रीनं कसं आठवतं?" त्यांनी विचारले.

"मी जागा होतो ना," रोली म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. "मला तेवढंच आठवतं. तुम्ही लोक फ्लोरिडाच्या गोष्टी सांगायचात ना, लग्नांत वगैरे, तर मी ऐकायचो. माझ्याकडे तशा नाहीत फारशा. माझ्याकडे ट्रक आहेत. त्यांच्या पाठी." त्याने पिशवीचे तोंड नीट केले. "एक मात्र विचारायचं राहिलंय. त्या दिवशी, पुलावर, तुम्ही तिघं फुटलात हसायला. गाडी हलत होती. मी विचारलं, काय झालं, तर म्हणालात, काही नाही, तू रस्त्यावर लक्ष दे. नेहमी म्हणायचात तसंच. काय होतं ते?"

गसने मार्लीनकडे पाहिले. "पिरोगीचं काहीतरी?"

"नाही, ते टेनेसीत."

"तुझ्या टोपीचं?"

"टोपी चौथ्या वर्षी."

दोघांनी प्राध्यापकांकडे पाहिले. प्राध्यापकांना रोमच्या बारा पाट्यांवर कोरलेल्या आद्य कायद्याची कलमे तोंडपाठ होती. कर्जदाराला किती वजनाच्या बेड्या घालाव्यात हे ते झोपेतून उठून सांगू शकत. ते पिरोगीच्या डब्याकडे बघत राहिले.

"नाही आठवत, रोली," ते शेवटी म्हणाले.

"कुणालाच नाही?" रोली म्हणाला. "बरं. असू दे. मला वाटायचं, सांगाल कधीतरी."

एवढेच. तो रागावला असता तर बरे झाले असते. प्राध्यापकांना युक्तिवाद करता आला असता. आता युक्तिवादाला प्रतिपक्षच उरला नव्हता. त्यांना जॉर्जियातला पेट्रोल पंप आठवला, आपला अभेद्य निवाडा आठवला, आणि सगळे हसत असताना एक माणूस किल्ली फिरवत होता तेही आठवले.

"चला," ते उठून म्हणाले. "पलीकडे जाऊ. खऱ्या जागी."

"पाटीचं काय?" गसने विचारले.

"राहू दे. कुणाला तरी उपयोगी पडतेय."

अस्वल त्यांनी पुन्हा जागेवर ठेवले. प्राध्यापकांची बिस्किटाच्या रंगाची छोटी मोटार कडेला उभी होती, आणि चौघे तिच्याकडे निघाले. रोलीचा हात मार्लीनच्या खांद्यावर होता. एकाएकी तो थांबला, त्याने मान मक्याच्या रिकाम्या शेताकडे वळवली आणि बँडमास्तरच्या आवाजात ओरडला:

"शॉटगन!"

"ए! ए! चालणार नाही!" गस म्हणाला. "गाडी दिसली पाहिजे! कायदा आहे! त्याला गाडी दिसत नाही, आणि तो तर शेताकडे बघतोय!"

"शेताकडे बघतो म्हणूनच दिसते," रोली म्हणाला. "घाणेरडा रंग आहे, एव्ह."

"प्रोफेसर, निवाडा द्या!"

प्राध्यापकांनी घसा साफ केला. निवाडा लांब होता, त्यात कलमे होती, आणि तो देताना त्यांना गाडीची किल्ली पुन्हा पुन्हा तपासावी लागली. सारांश असा की दावेदार आता चालक राहिलेला नाही. आरोळी उघड्यावर मारलेली आहे. आणि पाहण्याची दिशा कायद्याने कुठेही ठरवून दिलेली नाही. "जागा रोलीची," ते म्हणाले. "आधीचा निवाडा रद्द."

"पुनर्विचार नाही म्हणाला होतास," गस कुरकुरत मागे शिरला. पातेले नव्हते, पण डबा त्याच्या मांडीवर आला.

पुलावर गाडी चढली तेव्हा रोलीने तोंड समोर ठेवले होते. म्हणजे बाजूची काच त्याला दिसत होती.  तो म्हणाला, "ही नदी? एवढी रुंद आहे ही?"

"तू आठ वेळा ओलांडलीयस," मार्लीन म्हणाली.

"हो," रोली म्हणाला. "ओलांडलीय."

पुलाची जमीन लोखंडी जाळीची होती आणि तिच्यावर चाके घोंघावू लागली. त्या आवाजात मागून गस काहीतरी पुटपुटला. मार्लीन म्हणाली, "नाही रे, गप!" आणि तीच आणखी काहीतरी म्हणाली. रोलीने मान मागे वळवली, त्यानेही दोन शब्द घातले, आणि तिघे एकदम फुटले. गाडी हलू लागली. रोली कपाळ काचेला लावून हसत होता, आणि जे डोळे समोरचे पाहू शकत नव्हते ते मनगटाने पुसत होता.

"काय झालं?" प्राध्यापकांनी विचारले.

कुणी ऐकले नाही.

"अरे, काय झालं?"

"काही नाही रे, एव्ह," रोली धाप टाकत म्हणाला. "तू रस्त्यावर लक्ष दे."

समोर एक ट्रक होता. त्याच्या मागच्या दारावर हिवाळ्याचा चिखल वाळून बसला होता आणि उजवीकडचा दिवा फुटलेला होता. प्राध्यापकांनी त्याच्याकडे लक्ष दिले.